निखाऱ्यांपाशी कोण जागं होतं?

ओव्हनमध्ये मऊसूत बार्बेक्यू रिब्ज कशा कराव्यात, याची कृती आज कुठेही सापडते आणि सगळीकडे जवळपास सारखीच असते. डुकराच्या बरगड्यांचा अख्खा पट्टा घ्यायचा. हाडांच्या आतल्या बाजूला असलेला पातळ चिवट पडदा सुरीच्या टोकाने सैल करून ओढून काढायचा. मीठ, साखर, तिखट, मिरपूड, लसूण पावडर यांचं मिश्रण चोळायचं. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये पट्टा घट्ट गुंडाळून १२० ते १३५ अंश सेल्सिअसला अडीच-तीन तास ओव्हनमध्ये ठेवायचा. मग फॉइल उघडायची, वरून गोड-आंबट सॉस फासायचा आणि आच वाढवून दहा-पंधरा मिनिटं तो चिकट आणि चकचकीत होऊ द्यायचा. मटणाच्या दुकानात आपण ज्याला चाप म्हणतो तोच हा भाग, फक्त डुकराचा.

कृती निर्दोष आहे. तशा केलेल्या रिब्ज खरोखरच मऊ होतात. शेवटी बहुधा एक वाक्य असतं, की एकदा ओव्हनमध्ये ठेवलं की काहीही करावं लागत नाही, तुम्ही खुशाल झोप काढा.

या लेखाचा विषय ती झोप आहे. कारण बार्बेक्यूच्या इतिहासात कोणीतरी सतत जागं आहे. मंद आच रात्रभर मंदच ठेवायची तर निखाऱ्यांपाशी माणूस लागतो. हा माणूस कोण होता, त्याच्या जागी ओव्हनचं बटण कसं आलं आणि मधल्या काळात बरगड्यांचं काय झालं, हे या साध्या कृतीमागचं चारशे-पाचशे वर्षांचं प्रकरण आहे.

काटक्यांची मांडणी

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा. तिथल्या ताइनो लोकांचा शब्द स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ असा ऐकला आणि गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश बखरकाराच्या १५२६ साली छापलेल्या ग्रंथात तो आला. त्याचा अर्थ होता जमिनीपासून उंचावर बांधलेली काटक्यांची मांडणी. तिच्यावर मांस-मासे ठेवून खाली धूर करता येई, धान्य साठवता येई, झोपताही येई. विल्यम डॅम्पियर हा इंग्रज खलाशी १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात सांगतो, की आपण जमिनीपासून तीनेक फूट उंच अशा मांडणीवर रात्र काढली. म्हणजे हा शब्द आधी लाकडी माच्याचा होता, पदार्थाचं नाव तो नंतर झाला.

डुक्कर मात्र इथलं नव्हतं. कोलंबसाच्या १४९३च्या दुसऱ्या सफरीत ते जहाजातून कॅरिबियन बेटांवर उतरलं. एर्नांदो दे सोतो १५३९ साली फ्लोरिडात आला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर डुकरांचा कळप चालत होता. डुकराला चारा घालावा लागत नाही. रानात सोडलं की मुळं, ओकची फळं, मिळेल ते खाऊन ते वाढतं आणि झपाट्याने विणतं. अमेरिकेच्या दक्षिणेत गाईगुरांपेक्षा डुकराचं मांस सामान्य झालं, ते या सोयीमुळे.

थोडक्यात, शब्द आणि धुराची रीत मूळ रहिवाशांची, प्राणी युरोपचा. तिसरा घटक होता तो हे सगळं रोज प्रत्यक्ष करणारा माणूस. त्याला आफ्रिकेतून पकडून आणलेलं होतं.

चर खणणारे हात

अठराव्या शतकात व्हर्जिनियात ‘बार्बेक्यू’ म्हणजे एक मोठा सामाजिक समारंभ होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत मे १७६९मध्ये नोंद आहे, की तो अलेक्झांड्रियाला बार्बेक्यूला गेला आणि रात्रभर तिथेच राहिला. पुढे निवडणुकीच्या सभा, ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, रेल्वेमार्गाचं उद्घाटन, कशासाठीही बार्बेक्यू होऊ लागला. शेकडो माणसं जेवायची. एकाच जागी एवढ्यांना ताजं मांस खाऊ घालायचं तर त्या काळी फार पर्यायही नव्हते.

त्यासाठीचं काम असं असे. आदल्या दिवशी जमिनीत लांबलचक चर खणायचा. हिकरी किंवा ओकची लाकडं वेगळी जाळून त्यांचे निखारे करायचे. ते फावड्याने चरात पसरायचे. वर आडव्या काठ्या टाकून त्यांवर अख्खी, पोटातून उभी चिरलेली जनावरं ठेवायची. मग रात्रभर निखारे थोडे थोडे घालत राहायचं. जास्त पडले तर चरबी ठिबकून भडका उडणार, कमी पडले तर मांस कच्चं राहणार. अख्खं जनावर योग्य वेळी उलटवायचं. त्या जागेवर ना तापमापक, ना घड्याळ. चरावर तळहात धरून आच ओळखायची.

हे काम करणारे बहुतेक ठिकाणी गुलामगिरीतले कृष्णवर्णीय पुरुष होते. त्यांची नावं समारंभाच्या वृत्तांतात सहसा येत नाहीत. पण एक आवाज शिल्लक आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ने गुलामगिरी भोगलेल्या, तोवर हयात असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या. दक्षिण कॅरोलिनातल्या वेस्ली जोन्स या नव्वदी ओलांडलेल्या गृहस्थांनी त्यात आपलं काम सांगितलं आहे. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री ते रात्रभर जागत. व्हिनेगर, काळी मिरी, लाल तिखट, मीठ, लोणी, थोडं सेज, धणे, तुळशीच्या जातीचं बेसिल, कांदा आणि लसूण असं पाणी तयार करायचं. लांब काठीच्या टोकाला मऊ फडकं गुंडाळायचं आणि ते त्या पाण्यात बुडवून मांसावर फिरवत राहायचं, रस खाली निखाऱ्यात ठिबकेपर्यंत.

ही यादी मी मुद्दाम पूर्ण दिली. सात दशकांनंतरही दहा जिन्नस त्यांच्या तोंडावर होते. सांगणारा माणूस मालकाच्या हुकुमाचं नुसतं वर्णन करत नव्हता, आपली विद्या सांगत होता.

याच माणसांच्या रोजच्या ताटात काय असे? फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात मेरीलँडमधल्या मळ्याचा शिधा नोंदवला आहे: मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढे मासे, आणि एक बुशेल मक्याचं पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, दिवसाला सव्वाशे ग्रॅमही नाही, तेही सहसा खारवलेलं. ज्यांनी रात्रभर अख्खी जनावरं भाजली त्यांचा महिन्याचा हिशेब एवढा होता.

बार्बेक्यूचा दुसराही एक उपयोग त्यांनी केला. जंगलात चार माणसांनी जमायचं तर जेवण हे चांगलं निमित्त होतं. रिचमंडजवळ १८०० साली गेब्रिएल या लोहाराने उठावाची जुळवाजुळव केली ती अशा मेजवान्यांमधून आणि प्रार्थनासभांमधून. २१ ऑगस्ट १८३१ रोजी व्हर्जिनियाच्या साउदॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर आणि त्याचे साथीदार रानात भेटले तेव्हा एकाने डुक्कर आणलं होतं, दुसऱ्याने ब्रँडी. जेवण झालं, बेत ठरला आणि त्याच रात्री अमेरिकेच्या इतिहासातला गुलामांचा सर्वांत रक्तरंजित उठाव सुरू झाला. सुमारे ५५ गोरे मारले गेले. नंतर सूड म्हणून त्याहून कितीतरी अधिक कृष्णवर्णीय मारले गेले आणि टर्नरला फाशी झाली.

बरगडी वेगळी कशी झाली

इथपर्यंतच्या गोष्टीत रिब्ज नाहीत. चरावर अख्खं जनावर असे, बरगड्या त्याचाच भाग. ‘मालक मांड्या नेत आणि गुलामांना बरगड्या देत, म्हणून रिब्ज जन्मल्या’ ही गोष्ट फार सांगितली जाते, पण ती जरा जास्तच सोपी आहे. मळ्यावर डुकरं कापली जात ती थंडीत. मांड्या आणि पोटाचं मांस मिठात घालून, धुरी देऊन वर्षभरासाठी ठेवत. बरगड्यांवर मांस थोडं, हाड जास्त. त्या खारवायला परवडत नाहीत आणि ताज्या फार टिकत नाहीत. त्यामुळे कापणीच्या त्या दोन-चार दिवसांत त्या सगळ्यांच्याच खाण्यात येत, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या.

इंग्रजीतलं ‘स्पेअर रिब’ हे नावही फसवं आहे. ते उरल्यासुरल्या बरगड्या म्हणून पडलेलं नाही. जुन्या उत्तर जर्मन बोलीत ‘रिबेस्पेर’ असा शब्द होता, सळईवर भाजलेल्या बरगड्यांचा. त्यातले दोन तुकडे इंग्रजीत उलटसुलट झाले आणि मग ‘स्पेअर’ म्हणजे शिल्लक असा अर्थ लोकांनी त्यात वाचला. बरगड्या खरोखर शिल्लक पडू लागल्या त्या कारखान्यांमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओहायो नदीकाठचं सिनसिनाटी शहर डुकरांच्या कत्तलीचं इतकं मोठं केंद्र झालं, की त्याला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. इंग्रज लेखिका फ्रान्सेस ट्रॉलप १८२८ ते १८३०मध्ये तिथे राहिल्या. रस्त्यात पायात पायात येणाऱ्या डुकरांबद्दल त्यांनी १८३२च्या पुस्तकात वैतागून लिहिलं आहे. या कारखान्यांचा माल म्हणजे पिंपात भरलेलं खारवलेलं मांस. पिंपात बरगड्या भरणं म्हणजे जागा वाया घालवणं. त्या आसपासच्या गरिबांना अगदी स्वस्तात मिळत.

मग शिकागो पुढे आलं. १८६५च्या नाताळच्या दिवशी तिथे ‘युनियन स्टॉक यार्ड्‌स’ हा जनावरांचा अवाढव्य बाजार सुरू झाला. त्याला लागून कत्तलखाने उभे राहिले. गुस्तावस स्विफ्टने १८७०च्या दशकाच्या शेवटी बर्फ घातलेले रेल्वेचे डबे यशस्वी केले आणि ताजं मांस हजार मैलांवर जाऊ लागलं. जनावर साखळीला उलटं टांगून पुढे सरकवायचं आणि प्रत्येक कामगाराने एकच काप घ्यायचा, अशी ती पद्धत. हेन्री फोर्डने मोटारीच्या जोडणीची कल्पना शिकागोच्या या टांगत्या साखळीवरून सुचल्याचं पुढे लिहिलं. अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीने तिथली घाण आणि कामगारांचे हाल चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा कायदा झाला.

या साखळीने डुक्कर हा एक प्राणी न राहता मांडी, पोट, खांदा, पाठ अशा वेगवेगळ्या मालांची यादी झाला. प्रत्येकाला वेगळा भाव. त्यात बरगडीचा भाव तळाशी होता, पण आता ती शीतगृहामुळे वर्षभर ताजी मिळत होती. अख्खं डुक्कर विकत घेण्याची ऐपत आणि चर खणायला जमीन नसलेल्या माणसालाही आता बार्बेक्यू करता येणार होता.

शहरात आलेला धूर

नेमका तोच माणूस तेव्हा शहरात येत होता. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. कापसाच्या मळ्यावरचं कर्ज, झुंडीने होणाऱ्या हत्या आणि मताचा हिरावलेला हक्क मागे टाकून. शिकागोत त्यांना राहायला मिळाली ती दक्षिणेकडची दाटीवाटीची वस्ती आणि अनेकांना काम मिळालं ते त्याच कत्तलखान्यांत. स्वस्त बरगडी आणि तिचं काय करायचं हे जाणणारे हात एकाच वस्तीत आले.

कॅन्सस सिटीतल्या हेन्री पेरी यांची गोष्ट सर्वांत नीट नोंदलेली आहे. जन्म टेनेसीत, मेम्फिसजवळचा. तरुणपणी मिसिसिपीवरच्या आगबोटींच्या स्वयंपाकघरांत काम. १९०७ साली ते कॅन्सस सिटीत आले आणि पुढच्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यांच्या भागातल्या एका गल्लीत त्यांनी मांस भाजून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणजे तिथले कामगार. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मांस पंचवीस सेंटला. हिकरी आणि ओकच्या लाकडावर भाजलेलं गोमांस तर असेच, शिवाय पोसम आणि रकूनसारखी रानातली शिकारही असे. सॉस झणझणीत, जराही गोड नाही. पुढे ते कृष्णवर्णीय वस्तीत गेले आणि एका जुन्या ट्रॉली-आगारात त्यांनी दुकान थाटलं. जवळच्या ‘एटीन्थ अँड व्हाइन’ भागात तेव्हा जॅझ रात्रभर वाजत असे आणि वाजवणाऱ्यांना, ऐकणाऱ्यांना पहाटे भूक लागत असे.

पेरी १९४० साली वारले. त्यांच्या हाताखालच्या चार्ली ब्रायंटने दुकान चालवलं, मग भाऊ आर्थर ब्रायंटने. १९७२ साली कॅल्व्हिन ट्रिलिन या पत्रकाराने आर्थर ब्रायंटच्या साध्यासुध्या दुकानाला जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून टाकलं आणि देशभरातले लोक तिथे रांग लावू लागले. आज ‘कॅन्सस सिटी स्टाइल’ म्हणून जे ओळखलं जातं त्याची सुरुवात त्या गल्लीतल्या गाड्यापाशी जाते.

शिकागोत जमीन खणणं शक्य नव्हतं. तिथल्या कारागिरांनी दुकानाच्या आतच पोलादी चौकटीच्या, जाड काचेच्या भट्ट्या बसवल्या. खाली लाकूड, वर जाळी, धूर चिमणीतून बाहेर. दिसायला माशांच्या टाकीसारख्या, म्हणून त्यांना ‘अॅक्वेरियम’ असंच नाव पडलं. सेंट लुईसमध्ये बरगड्यांचा पट्टा कडा कापून चौकोनी करण्याची पद्धत रूढ झाली. त्या कापलेल्या कूर्चायुक्त कडा म्हणजे ‘रिब टिप्स’ शिकागोच्या वस्तीत तोंडाला पाणी सुटावं असा पदार्थ ठरल्या. टाकाऊतून पुन्हा टाकाऊ निघालं आणि तेही वाया गेलं नाही.

स्वयंपाकघरात चालतो, टेबलावर नाही

१९६४ साली बार्बेक्यू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ हे १९२७पासून चालत आलेलं कौटुंबिक रेस्टॉरंट होतं. बसायला २२० जागा, ३६ नोकर, त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. गोऱ्यांनी आत बसून जेवायचं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे, पुडकं घ्यायचं आणि बाहेर पडायचं. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि असा भेद बेकायदा ठरला. मालकांचं म्हणणं, आमचा धंदा स्थानिक आहे, केंद्र सरकारचा इथे संबंध नाही.

न्यायालयाने उत्तर दिलं ते मांसाच्या बिलावरून. गेल्या वर्षी रेस्टॉरंटने घेतलेल्या दीड लाख डॉलरच्या मालापैकी ४६ टक्के रकमेचं मांस राज्याबाहेरून आलं होतं. म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, म्हणजे कायदा लागू. १४ डिसेंबर १९६४ रोजी निकाल एकमताने लागला. स्विफ्टच्या बर्फाच्या डब्यांनी सुरू केलेल्या प्रवासाचा हा एक अनपेक्षित मुक्काम. दुसऱ्या एका खटल्यात दक्षिण कॅरोलिनातल्या ‘पिगी पार्क’ या ड्राइव्ह-इन साखळीच्या मालकाने, काळ्यांना वाढणं आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, असाही बचाव केला होता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पोरकट ठरवला.

चहाच्या टपरीवर वेगळा कप टांगलेला असे हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे शिवाशिवीचा नियम आधी चुलीपाशीच लागू होई. बर्मिंगहॅममध्ये भट्टीवरचे हात चालत होते. त्या हातांनी भाजलेलं मांस गोरे आनंदाने खात होते. मज्जाव होता तो बरोबरीने टेबलाशी बसण्याला.

धूर बाटलीत, आच बटणात

आता ओव्हनकडे येऊ. ओव्हनमध्ये रिब्ज होण्यासाठी चार गोष्टी घडाव्या लागल्या.

पहिली, धूर लाकडापासून वेगळा झाला. हेही कॅन्सस सिटीतच. अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्याने १८९५ साली लाकडाचा धूर थंड करून त्याचा अर्क बाटलीतून विकायला काढला. मूळ उद्देश घरी मांस टिकवणाऱ्या शेतकऱ्यांची धुरी देण्याची मेहनत वाचवण्याचा होता. पेरी त्या शहरात येण्याच्या बारा वर्षं आधीच धूर तिथे बाटलीत मिळत होता.

दुसरी, आच आकड्यात आली. त्याआधीच्या पाकपुस्तकांत ‘मंद ओव्हन’, ‘मध्यम ओव्हन’, ‘कडक ओव्हन’ असं लिहीत आणि आत हात धरून मनात आकडे मोजायला सांगत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून गॅसच्या ओव्हनला तापमान आपोआप राखणारे नियंत्रक बसू लागले. चरावर तळहात धरणाऱ्या माणसाचं अर्धं काम एका बटणाने उचललं.

तिसरी, १९४७ साली ‘रेनॉल्ड्‌स रॅप’ ही घरगुती अॅल्युमिनियमची फॉइल बाजारात आली. फडक्याने सतत शिंपडण्याचं काम तिने संपवलं. आतली वाफ आतच राहते, मांस आपल्याच रसात शिजतं.

चौथी, सॉस कारखान्यात गेला. महायुद्धानंतर उपनगरांत घरं झाली, मागे हिरवळ आली आणि बार्बेक्यू हा गोऱ्या मध्यमवर्गीय बाप्यांचा रविवारचा खेळ झाला. शिकागोजवळच्या धातूकारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली पाण्यातल्या बोयाच्या गोलापासून झाकणाची शेगडी बनवली, तीच ‘वेबर’. कॅन्सस सिटीतले बालमनोविकारतज्ज्ञ रिच डेव्हिस यांनी १९७०च्या दशकात दाट, गोड टोमॅटोचा सॉस विकायला काढला. १९८६ साली तो ‘केसी मास्टरपीस’ एका बड्या कंपनीने विकत घेतला. आज जगभर बार्बेक्यू सॉसची चव म्हणून जी ओळखतात ती बरीचशी ही चव आहे. पेरींच्या तिखट सॉसशी तिचं नातं मुख्यतः गावापुरतं.

म्हणजे रात्रभर जागणाऱ्या माणसाचं एकेक काम एकेका वस्तूकडे गेलं. आच बटणाकडे, शिंपडणं फॉइलकडे, धूर बाटलीकडे आणि चव कारखान्याकडे. दरम्यान तळाशी असलेली बरगडी साखळी-रेस्टॉरंटांच्या जाहिरातीत चढली आणि तिचा भाव ज्या वस्तीने ती शिजवायला शिकवली तिच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला.

ओव्हनला काय जमतं

तरीही ओव्हनमधल्या रिब्ज खोट्या आहेत, असं म्हणणं मला पटत नाही. मऊपणा ही धुराची करामत नाही. बरगडीभोवतीचं मांस जनावर श्वास घेताना सतत हलत असतं, म्हणून त्यात कोलॅजेन हे चिवट बांधणारं द्रव्य भरपूर असतं. सुमारे ७० अंशांच्या वर, ओलावा असेल तर, ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. घाई केली तर स्नायू आकसून कोरडे पडतात आणि कोलॅजेन तसंच राहतं. म्हणून आच मंद आणि वेळ लांब. मांसाचं आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर गेलं, की हाडाचं टोक उघडं पडतं आणि पट्टा चिमट्याने मध्ये उचलला तर लवतो. पायाच्या रश्श्यात जे होतं तेच इथे होतं. उष्णता लाकडाची की विजेची, हे कोलॅजेनला कळत नाही.

उघड्या भट्टीत आणखी एक गोष्ट होते. ६५-७० अंशांच्या आसपास मांसाचं तापमान तासन्‌तास वर चढतच नाही. कारण पृष्ठभागावरून बाष्प उडत राहतं आणि माठातल्या पाण्यासारखं मांस स्वतःला थंड ठेवतं. जुने कारागीर इथे धीर धरत. फॉइलमध्ये बाष्प उडू शकत नाही, म्हणून हा अडथळा येत नाही आणि काम दोन-तीन तासांत होतं.

जमत नाही ते धुराचं. लाकूड जळताना निघणारे नायट्रोजनचे वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जुळून कडेला गुलाबी वलय तयार करतात. विजेच्या ओव्हनमध्ये ते येत नाही. बाटलीतला धूर वास देतो, पण निखाऱ्यावर ठिबकलेली चरबी जळून परत मांसावर बसते ती चव देत नाही. शिवाय फॉइलमध्ये जास्त वेळ राहिलं तर मांस हाडावरून गळून पडतं. अनेकांना तेच हवं असतं. पण कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत हा दोष धरतात. चावा घेतला तेवढंच मांस सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं, ही तिथली कसोटी आहे.

शिवाय शिकागोच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत, जानेवारीच्या बर्फात चर कोण खणणार? दक्षिणेतून आलेल्यांनाही ओव्हन ही सोयच होती. त्यांनी ती वापरली म्हणून त्यांची विद्या खोटी ठरली नाही. झोपायला मिळणं ही वाईट गोष्ट नाही. वेस्ली जोन्स यांना ती रात्र निवडायची मुभा कधी नव्हती.

माझी तक्रार ओव्हनशी नसून त्या कृतीच्या प्रस्तावनेशी आहे. तिथे ‘पारंपरिक अमेरिकन’ एवढंच लिहिलेलं असतं. २०१८ साली दक्षिण कॅरोलिनातल्या रॉडनी स्कॉट या कृष्णवर्णीय भट्टीकाराला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. तोवर भट्टीवर काम करणाऱ्या आणखी एकाच माणसाला हा प्रादेशिक ‘सर्वोत्तम शेफ’चा मान मिळाला होता, तो तीन वर्षांपूर्वी टेक्सासच्या अॅरन फ्रँकलिनला, एका गोऱ्याला. स्कॉटचं कुटुंब हेमिंग्वे नावाच्या लहान गावात रात्रभर लाकूड जाळून अख्खी डुकरं भाजत आलं आहे, म्हणजे जोन्स ज्या राज्यात जागत होते त्याच राज्यात. २०२१ साली एड्रियन मिलर यांनी ‘ब्लॅक स्मोक’ हे पुस्तक लिहून कृष्णवर्णीय कारागिरांचा हा इतिहास पुन्हा मांडला. प्रस्तावना दुरुस्त व्हायला सुरुवात झाली आहे.

तोवर कृती तीच ठेवायला हरकत नाही. पडदा काढायचा, मसाला चोळायचा, १३५ अंश, तीन तास. फक्त त्यातलं ‘काहीही करावं लागत नाही’ हे वाक्य वाचताना लक्षात असावं, की हे तीन तास आणि हे १३५ अंश कोणीतरी तळहातावर मोजून ठेवले आहेत.